सापसुरळीच्या थोटकाला सुटलेली खाज

ओढ्याकाठच्या रानात, दगडांच्या कपारीत, एक महासंशयी सापसुरळी राहत असे. पान हलले तरी "कोण टपलंय?" आणि नाही हलले तरी "आज एवढं शांत कसं?" असा तिचा खाक्या. एके दिवशी भारद्वाजाने तिची निळी शेपटी चोचीत धरली. शेपटी तिथेच टाकून ती निसटली. पण मुलांनो, शेपटी हीच तिची ढाल. भारद्वाज पुन्हा आला, तर टाकायला आता काहीच नव्हते.

थोड्याच दिवसांत शेपटीच्या उरलेल्या थोटकाला खाज सुटली. वर पातळ कातडी धरली, आतून काहीतरी वळवळू लागले. "मुंग्यांनी अंडी घातली असणार!" असे म्हणून तिने ती कातडी दगडावर खरवडून टाकली. कातडी पुन्हा धरली, तिने पुन्हा खरवडली.

शेजारच्या बिळातला खेकडा हे पाहत होता. त्याची स्वतःची नांगी एकदा तुटून पुन्हा फुटली होती. "अगं बाई, खरवडू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या कण्यातल्या मज्जारज्जूत काही पेशी निजलेल्या असतात, अजून कुठलंच काम न शिकलेल्या. जखमेवरची कातडी त्यांना निरोप धाडते, की उठा, इकडे या, नवे मज्जातंतू व्हा. तू कातडीच काढलीस, तर निरोप धाडणार कोण?"

'याला माझ्या शेपटीची एवढी काळजी? वाढली की खायची असेल!' सापसुरळी मनाशी म्हणाली आणि मुद्दाम त्याच्यासमोरच खरवडू लागली. तेवढ्यात भारद्वाज झेपावला. ती जीव घेऊन पळाली आणि समोर दिसले त्या बिळात घुसली. ते खेकड्याचेच निघाले. खेकडा नांग्या उगारून दाराशी बसला.

भारद्वाजाचे घरटे समोरच्याच करवंदीच्या जाळीत होते. पिल्ले उडून जाईपर्यंत बाहेर पडायची सोय नव्हती. बीळ अरुंद आणि मऊ चिखलाचे; ना अंग घासायला जागा, ना खरवडायला दगड. खाज सुटली की ती ओरडे, "मला कोंडून ठेवलंस, मेल्या!" खेकडा आपला किडे आत ढकलत राही.

महिन्याभराने जाळी रिकामी झाली आणि ती बाहेर आली. थोटकाच्या जागी बोटाच्या पेराएवढी शेपटी फुटली होती, फिकट तपकिरी. तिचे डोळे भरून आले. तरी तिने हळूच विचारलेच, "ही माझीच ना रे? आधीची तर निळी होती."

"हलवून बघ," खेकडा म्हणाला. "दुसऱ्याची असती, तर तिने तुझं ऐकलं असतं का?"

तात्पर्य : बरे करायला आलेल्यालाच जो शत्रू समजून रोज खरवडून टाकतो, त्याचे नुकसान करायला शत्रूची गरजच उरत नाही.