करकोच्याचं मौन

"मग जन्मभराचं मौन मला का नको, बाबा?"

करीमशाह फकीर तळ्याकडे पाहत होते. काठच्या ओल्या रानात पांढरे करकोचे फिरत होते. लांब लाल पाय, पंखांना काळी कड. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, टोळ टिपायचे. थंडीपुरते आलेले पाहुणे ते.

विचारणारा सटवाजी, त्यांचा शिष्य. त्याचं वर्षाचं मौन आज सकाळीच फिटलं होतं. माणूस तसा वाईट नव्हता हो. पण व्रताची घमेंड फार वाईट. पैशाच्या घमेंडीला निदान लोक नावं तरी ठेवतात.

"ते बघा," सटवाजी म्हणाला. "दिवाळीपासून बघतोय. तोंडातून चकार शब्द नाही. खरे मौनी ते. मी तर त्यांनाच गुरू केलंय."

"म्हणजे माझी सुटका झाली म्हणायची."

"थट्टा नको, बाबा. काल गावाकडचा माणूस येऊन गेला. आबांनी अंथरूण धरलंय. येईल त्याला विचारतात, माझा लेक सटवा आला का? ... म्हणून म्हणतो, आजच द्या. मन डळमळायच्या आत."

फकीर वळले.

"संक्रांतीला गेला होतास ना घरी?"

"गेलो होतो. आबा ओट्यावर बसले होते. त्यांची नजर गेलीय. म्हणाले, कोण आलंय? मी पाटी पुढे धरली."

"काय लिहिलं होतंस?"

"मौन आहे."

फकिरांनी हात पुढे केला. सटवाजीने झोळीतून पाटी काढून दिली. अक्षरं अजून तशीच होती. फकिरांनी डोळे मिटले आणि पाटीवरून सावकाश तळवा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"काहीच लागत नाही रे हाताला."

सटवाजीने पाटी परत घेतली.

"पुढे?"

"पुन्हा म्हणाले, अरे बोल की, कोण आहेस? मी लांबूनच जमिनीला डोकं टेकलं. मग त्यांनी धाकट्या सुनेला हाक मारली. तिने मला कधी पाहिलेलं नाही. म्हणाले, कुणी मागायला आलंय गं, भाकरी दे." सटवाजीची मान ताठच होती. "घेतली, बाबा. माझ्याच घरची भाकरी भिकारी होऊन घेतली. मौन मोडलं नाही."

"गोड लागली?"

"नाही."

फकिरांना त्याची कीव आली. रागही आला. दोन्ही त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"यांना त्यांच्या घरी पाहिलंयस कधी?" त्यांनी करकोच्यांकडे बोट केलं.

"घरी?"

"दूर उत्तरेला, बुखाऱ्याकडे. तरुणपणी भटकलोय मी तिकडे. मिनारांच्या टोकावर काटक्यांची घरटी. दरवर्षी तेच घरटं. नर आधी पोचतो, डागडुजी करतो, वाट बघत बसतो. आणि मादी आली की..."

फकिरांनी डोकं मागे टाकलं, म्हातारी मान वाकेल तेवढं. हातातला लोखंडी चिमटा कडकड कडकड वाजवला. रानातल्या करकोच्यांनी माना वर केल्या.

"दोघंही अशी चोच वाजवतात. सगळी गल्ली ऐकते. कंठ दिलेला नाही त्यांना, सटवा. साधी हाक मारता येत नाही. म्हणून चोच आपटतात बिचारे."

सटवाजी मटकन खाली बसला. रडू आलं, ते त्याने लपवलं नाही.

डोळे पुसून तो म्हणाला, "आता कुठल्या तोंडाने जाऊ? काय सांगू त्यांना?"

"विचारतील, कोण आलंय. म्हण, मी आलोय."

"मी?" सटवाजीने वर पाहिलं. "बाबा, 'मी' म्हणणं सोड, हे तुम्हीच तर शिकवलंत. इतकी वर्षं तेवढंच करतोय..."

फकिरांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि गावाच्या वाटेला लावलं.

"तो 'मी' तुझा कुठे आहे? त्यांचा आहे. आधी देऊन ये."