येसाक्काचं वळण

दुपेठला पहिल्यांदा येणारा माणूस आरणा नदीवरच्या जुन्या पुलावर अडकतो. महामार्गाने या, स्टेशनवरून या, नव्या उड्डाणपुलावरून ऐटीत या, शेवटी सगळे रस्ते इथे येऊन एकमेकांच्या उरावर बसतात. कारण पूल मधोमध वाकडा आहे. साळीपेठेच्या काठावरून तो निघतो नाकासमोर. नदीच्या मध्यावर आला की एकदम उजवीकडे वळतो, थोडा आडवा चालतो आणि मग पुन्हा डावीकडे वळून कासारपेठेत उतरतो. त्या आडव्या तुकड्यात दोन बस समोरासमोर आल्या की कारभार आटोपला. कुणीतरी गाडी मागे घ्यायला हवी, आणि दुपेठेत गाडी मागे घेणं म्हणजे काय असतं ते तुम्ही आत्ता ऐकताच आहात. हॉर्नकडे लक्ष देऊ नका. कठड्याला टेकून उभे राहा, ही कोंडी सुटेपर्यंत गोष्ट सांगून होते.

पूल सरळ करायचे बेत पुष्कळ झाले. इंजिनिअर आले, दुर्बिणी लावून मोजून गेले. एकेरी वाहतूक करून पाहिली, तर एकेरी म्हणजे आपल्या बाजूने, असा अर्थ दोन्ही पेठांनी घेतला. पण वळण तोडायचा विषय निघाला रे निघाला, की एरवी एकीने पूर्व म्हटलं तर दुसरीने पश्चिम म्हणणाऱ्या या पेठा एका सुरात सांगतात, हात लावायचा नाही. ते येसाक्काचं वळण आहे.

येसाक्का ही साळीपेठेतली सुईण. कोणत्या राजवटीत होऊन गेली हे कुणालाच धड सांगता येत नाही, पण हात तिच्यासारखा पुन्हा झाला नाही, असे सांगतात. मूल आडवं असो, पायाळू असो, आक्का आली म्हटलं की घरातल्या बाया अर्धा श्वास सोडायच्या. नवरा गेलेला, एकुलती मुलगी मैना पलीकडे कासारपेठेत दिलेली. दोन्ही पेठांमध्ये तिच्या हातावर न जन्मलेला तरणा माणूस शोधून सापडत नसे. म्हणूनच की काय, ती कुणालाच मोठा माणूस मानत नसे.

त्या काळी नदी ओलांडायची ती तान्या कोळ्याच्या नावेतून. पावसाळ्यात नाव बंद. मग पूल बांधायचं ठरलं. हे एवढं एकच दोन्ही पेठांनी मिळून ठरवलं. साळीपेठेचे चौधरी बाळोजी म्हणाले, पूल आमच्या चावडीपासून सुटेल. कासारपेठेचे हरबाशेट म्हणाले, आमच्या देवळापाशी सुटेल. आता चावडी आणि देऊळ काही समोरासमोर नाहीत, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. यांनाही दिसत होतं. पण साळीपेठ मनात म्हणाली, मध्यावर आलं की वळतील तेच. कासारपेठही मनात तेच म्हणाली. आणि मनातलं तोंडावर आणण्याइतका कमीपणा कुणी घेतला नाही.

दोन्हीकडून दगडावर दगड चढत गेला. दोन्ही अर्धे पूल नदीच्या मध्यावर आले आणि एकमेकांना चुकवून, नाक वर करून थांबले. मध्ये खाली पाणी, आणि पाण्यात आसरांचा खडक. त्या खडकावर सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते, अजून आहेत, वाकून बघितलंत तर दिसतील. कुणी वळलं नाही. पंचांच्या बैठका झाल्या, त्याही आपापल्या अर्ध्या पुलाच्या टोकावर घोंगडी टाकून, मधल्या पाण्यावरून ओरडून ओरडून. प्रत्येक बैठकीत ठरायचं काय, तर पुन्हा बैठक घ्यायची. वर्षं गेली. संध्याकाळी लोक अर्ध्या पुलावर हवा खायला जाऊ लागले. आपला अर्धा त्यांच्या अर्ध्यापेक्षा कसा देखणा आहे हे पाहुण्यांना दाखवू लागले. आणि नदी ओलांडायची ती तान्याच्याच नावेतून.

येसाक्काला या सगळ्याचा भयंकर वैताग यायचा. डोक्यावर गाठोडं घेऊन ती काठावर नावेची वाट बघत बसे आणि समोर आभाळात लटकलेले ते दोन दगडी हात बघून दातओठ खाई.

एका श्रावणात आरणेला पूर आला. त्याच दिवशी कासारपेठेत एक पहिलटकरीण अडली. नाव बंद. येसाक्का भिजत पुलाच्या टोकावर जाऊन उभी राहिली आणि तिने इथूनच बाळंतपण करायचं ठरवलं. त्या घरापासून पलीकडच्या टोकापर्यंत गडी उभे करायला लावले, एकाने दुसऱ्याला निरोप द्यायचा. येसाक्काने ओरडून विचारलं, डोकं दिसतंय का पाय? आता पुलावर हरबाशेट उभे, चार वडीलधारे उभे. त्यांच्यादेखत असलं कसं बोलायचं? पहिला गडी लाजला आणि त्याने निरोप पुढे दिला तो असा, की आक्का विचारतायत, कसं काय आहे? घरातून बाया रडत रडत सांगत होत्या की पाय आलाय, पुढे काय करू? तो निरोप पुलावर येईपर्यंत झाला, जरा जड जातंय म्हणतात.

"जड जातंय म्हंजी काय रं? पाय का डोस्कं, त्ये सांग की मेल्या," येसाक्का ओरडत राहिली. पलीकडे माणसं खाली मान घालून उभी राहिली. सगळ्यांनी मर्यादा पाळली. पोर गेली, पोटातलं बाळ गेलं.

पूर ओसरल्यावर येसाक्का पहिल्यांदा बाळोजींकडे गेली, मग नावेतून हरबाशेटांकडे गेली. दोघेही हळहळले. दोघांनीही तिला गुळपाणी दिलं. दोघांनीही सांगितलं की पलीकडच्यांनी वळायचं तेवढं मनावर घेतलं, तर काम आठवड्याचं आहे. येसाक्का उठली ती तडक घाटावर गेली. ओंजळीत पाणी घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आयांनो, आसरांनो, ह्यो पूल जुळंस्तवर म्या नावंत पाय ठेवणार न्हाई. ठेवला तर मला न्या." आसरांची शपथ म्हणजे काही तोंडदेखली शपथ नव्हे. मोडणाऱ्याला नदी ठेवत नाही, हे दुपेठेत तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं, आणि येसाक्काचा तर त्यावर पुरा विश्वास होता.

एवढं करून ती थांबली नाही. साळीपेठेच्या अर्ध्या पुलाच्या टोकावर तिने कुडाचं खोपटं घातलं आणि तिथेच राहायला गेली. ज्या बाईला गरज असेल तिला इथे आणा म्हणाली. मग साळीपेठेच्या लेकीसुना, अगदी चौधऱ्यांची भावजयसुद्धा, त्या खोपटात बाळंत होऊ लागल्या. समोरच्या टोकावर हवा खायला आलेली कासारपेठ गंमत बघू लागली. बाळोजींची लाजेने मान वर होईना. तरीही पूल वळला नाही. आता तर नाहीच, म्हणे, आता वळलो तर एका बाईने वळवलं असं होईल. तुम्हीच सांगा, असल्या माणसांपुढे डोकं आपटावं की आपटू नये?

पौषात मैनेचे दिवस भरले. आईच्या शपथेने वैतागलेली ती एकटीच नव्हती, तिच्या सासरचेही वैतागले होते. कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आहे हे कळलं, तेव्हा असल्या कळांत तिला डगमगत्या नावेत चढवायचं धाडस कुणाला होईना, म्हणून त्यांनी तिला डोलीत घालून सकाळीच कासारपेठेच्या टोकावर आणून ठेवलं. इकडच्या टोकावर आई, तिकडच्या टोकावर लेक. मध्ये पाणी. बातमी पसरली आणि दोन्ही अर्धे पूल माणसांनी भरून गेले. खाली तान्याने नाव आणून आसरांच्या खडकापाशी धरून ठेवली.

येसाक्काने पहिल्यांदा बाळोजींकडे पाहिलं, मग समोर हरबाशेटांकडे पाहिलं. दोघेही नदीकडे बघू लागले.

"आये," पलीकडून मैना ओरडली, "आग लागू दे तुझ्या त्या शपतेला. मला बघ की गं."

येसाक्काला मरायची भीती वाटत होती, हे कुणी लपवत नाही. शपथ पाळली तर लेक डोळ्यांसमोर जाणार, आणि मोडली तर आपण जाणार, शिवाय पूल कायमचा असाच राहणार. कारण शपथ मोडलेल्या बाईचं मग कोण ऐकतो? ती दोरीला धरून खांबावरून खाली उतरली. नावेत पाय टाकण्याआधी तिने खडकावरच्या शेंदराला हात लावला आणि म्हणाली, "आदी तिला मोकळी करून येते, मग मला न्या. पळून जात न्हाई."

तिने नावेत पाय ठेवला तशी नाव जागच्या जागी गरकन फिरली. तान्याने वल्हं सोडून डोळे मिटले. नाव पुन्हा स्थिर झाली. येसाक्का म्हणाली, "हाण की आता, बघतो काय?"

पलीकडच्या पुलाच्या टोकावर, बायांनी धरलेल्या लुगड्यांच्या आडोशात, मैना सुटली. मुलगी झाली. दोन्ही पुलांवरच्या माणसांना तिचं रडणं ऐकू गेलं आणि सगळ्यांनी हुश्श केलं. घरी जायची तयारी झाली. झालं ना आता नीट? दुपेठेचा स्वभावच असा.

येसाक्काने नातीची नाळ कापली, मैनेच्या डोक्यावरून हात फिरवला, हात धुतले. आणि ती परत खाली उतरली. नावेतून खडकापर्यंतच गेली. आसरांच्या खडकाच्या उतारावरून सरळ पाण्यात गेली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. पौषातलं पाणी ते, हात घातला तर बोटं बधिर होतात.

"आक्का, काय करतीस?" बाळोजी वरून ओरडले.

"कबूल केलंय. बोलावणं यायची वाट बघतिया."

"वर ये. पूल जोडतो आम्ही."

"तुमचं जोडतो जोडतो ऐकून माझी हाडं पिकली," येसाक्का म्हणाली. "जोडा, न्हाईतर घरला जावा. मला हितं गपगार उभं ऱ्हाऊ द्या."

वर हरबाशेट उभे होते. हरबाशेटांना येसाक्कानेच या जगात आणलं होतं, बाळोजींनाही. काय झालं ते नक्की कुणी सांगत नाही, पण हरबाशेटांनी देवळाचा दरवाजा काढून आणायला सांगितला. बाळोजींनी विणायच्या मागांचे खांब उपटायला लावले. दोघांनी एकाच वेळी माणसं मध्यावर बोलावली. आपण आधी की ते आधी, हे विचारायचं सुचलंच नाही, म्हणे. इकडून तुळया आडव्या टाकल्या, तिकडून तुळया आडव्या टाकल्या. दोन्ही अर्धे पूल वळले. खाली येसाक्का उभी आणि तिच्या डोक्यावर ठोकाठोकी. मध्येच कुणीतरी भांडायला सुरुवात करी, तशी खालून शिवी येई, आणि काम पुन्हा सुरू होई.

दिवेलागणीच्या आत माणूस चालेल एवढं लाकडी वळण झालं. बाळोजी आणि हरबाशेट दोघेही पाण्यात उतरले आणि तिला दोन्हीकडून धरून कासारपेठेच्या टोकावर वर घेतलं. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. तिने पुलाकडे एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून पाहिलं.

"सरळ जमला न्हाईच न्हवं तुम्हास्नी," ती म्हणाली. "बरं. चाला आता."

मग कुणाचा हात न धरता ती त्या वळणावरून चालत साळीपेठेत आली. घरी आली, निजली, तिला ताप भरला. तो उतरला नाही. ज्या पुलासाठी तिने एवढं केलं, त्यावरून ती एकदाच गेली. आसरांनी नेली म्हणा, पाण्याने नेली म्हणा, की आम्ही नेली म्हणा. तिला खांदा द्यायला कासारपेठेची माणसं त्याच वळणावरून आली.

पुढे लाकडाच्या जागी दगड आला. तेव्हा सरळ करता आला असता, पण रेष हलवायची कुणाची छाती झाली नाही. इतर गावांत शपथ पाळणाऱ्यांची देवळं असतात. आमच्याकडे शपथ मोडणाऱ्या बाईचा पूल आहे.

म्हणून काही दुपेठ सुधारली असं समजू नका. बघा ना, त्या टेम्पोवाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली. समोरचा बसवाला वर्तमानपत्र वाचतोय. मागे बाजारचौक तुंबला असेल, उड्डाणपूल तुंबला असेल, महामार्गावर ट्रकांची रांग लागली असेल. इथे नेमलेला वाहतूक पोलीस बदलीसाठी नवस बोलतो. संताप येतो. येणारच.

पण आजही दिवस भरलेल्या बाईला घेऊन एखादी रिक्षा या कोंडीत आली, की रिक्षावाला हॉर्न वाजवत नाही. बाहेर डोकं काढून नुसतं "आक्का" म्हणतो. तो शब्द गाडीवरून गाडीवर पुढे जातो आणि दोन्ही बाजूंची सगळी वाहनं, बससुद्धा, ट्रकसुद्धा, एकदम मागे सरू लागतात. आधी कोण सरलं हे कुणी बघत नाही. रिक्षा वळण पार करून दवाखान्याच्या रस्त्याला लागते, आणि ती दिसेनाशी झाली की हेच लोक पुन्हा पुढे येऊन, नाकाला नाक लावून, होते तिथेच अडकून बसतात. याला काय म्हणावं ते तुम्ही ठरवा. बाई मात्र पोचते.