सोनकीचं बी

मुलांनो, आणि मागे बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही सांगा: तिळाहून बारीक बी हाती आलं, तर ते तुम्ही कसं पेराल?

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. एका डोंगराच्या कुशीत हौसा नावाची बाई एकटीच राहत होती. तिच्या घराच्या भिंतीत एक मडकं बसवलेलं होतं आणि त्या मडक्यात मधमाश्या नांदत होत्या. घरधनी गेल्यापासून तिला तेवढीच सोबत.

दर भादव्यात समोरचा उतार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरून जाई. त्यावर माश्यांचं पोट चाले. एका वर्षी दरड कोसळली आणि सोनकी मुळासकट वाहून गेली. उतार उघडाबोडका झाला.

मडक्यातली म्हातारी माशी म्हणाली, "मावशी, यंदा कसंबसं निभावू. पण पुढचा भादवा फुलांवाचून गेला, तर आम्हांला दुसरं रान बघावं लागेल."

हौसा दोन डोंगर चढून गेली आणि वाळलेल्या सोनकीचं बी ओंजळभर घेऊन आली.

मिरगात तिने उतार खणला. वाल टोकतात तसं एकेक बी बोटभर खोल पुरलं, वर शेणखत घातलं, पाखरं येऊ नयेत म्हणून काटेही पसरले. शेजारचा धाकूभावजी बांधावरून हसला. "वहिनी, रानफूल पेरतेस? उद्या दगडंही लावशील!"

"लावीन. तुमच्या डोक्यातच आधी लावते," हौसा म्हणाली.

आषाढ आला तरी एक कोंब दिसेना. हौसा रोज माती उकरून बघायची आणि पुन्हा झाकायची. शेवटी निम्मं राहिलेलं बी घेऊन ती आणखी खोल खणू लागली, तेव्हा म्हातारी माशी तिच्या कुदळीवर येऊन बसली.

"मावशी, आधी डोंगरावर हे कोण पेरायचं?"

"वारा."

"मग वारा कुदळ घेऊन यायचा का?"

हौसाला हसूही आलं आणि रडूही. "अगं, पण उघड्यावर टाकलं तर पाखरं खातील. ऊन लागेल."

"थोडं पाखरं खातील, थोडं वाळेल. पण उजेड दिसल्याशिवाय हे बी डोळे उघडत नाही."

हौसाने कुदळ ठेवली. ओल्या मातीवर बी नुसतं भिरकावलं, अनवाणी पायांनी हलकेच दाबलं आणि घरी आली. काहीच न झाकता परत येणं तिला फार जड गेलं. आठ दिवसांत मात्र मातीवर हिरवी लव दिसू लागली.

रोपं वाढली, पण उशीर झाला होता. भादव्याच्या अवसेला झाडांवर नुसत्या मिटलेल्या कळ्या होत्या. त्या संध्याकाळी माश्या मडक्याच्या तोंडाशी गोळा झाल्या. जायची तयारी झाली होती.

धाकूभावजी धावत आला. आता तो हसत नव्हता. "वहिनी, मडक्याचं तोंड चिखलाने बुजव. जातील कुठं मग?"

हौसाने चिखलाचा गोळा उचलला. मडक्यापर्यंत नेला. मग आपलं खोल पुरलेलं, कुजून गेलेलं बी तिला आठवलं. तिने चिखल खाली टाकला आणि हात धुतले.

"जा गं बायांनो," ती म्हणाली, "उपाशी राहू नका." आणि पदराने डोळे पुसत ती आत गेली.

ज्याच्यावर जीव आहे, त्याला झाकून नव्हे, मोकळं ठेवून जपावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं, सोनकीच्या कळ्या उमलल्या आणि मडक्यातून निघालेल्या माश्या समोरच्या उतारावर जाऊन बसल्या.