‘बस’ म्हणजे काय

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची ही गोष्ट. एका माळावर एक मेंढपाळ आणि त्याची बायको राहत. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला दोन पिल्लं झाली. कळप राखायला त्यांना तयार करायचं, म्हणून दोघांनी काम वाटून घेतलं. सकाळी त्याने शिकवायचं, संध्याकाळी तिने.

तो ‘बस’ म्हणे आणि पिल्लं खाली बसली की भाकरीचा तुकडा देई. तीही ‘बस’च म्हणे, पण पिल्लं चिंधी ओढायला लागली, भुंकत सुटली, की ‘बस, आता पुरे’ अशा अर्थाने. पिल्लं कधी थांबत, कधी बसत, कधी नुसती तिच्या तोंडाकडे बघत. आपल्यालाच शिकवता येत नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. असल्या गोष्टी ठरवायला तिला फार वेळ लागत नसे.

एके दिवशी खेळता खेळता पिल्लांनी एका कोकराला गाठलं आणि दोन बाजूंनी त्याचे दोन कान धरले. ती धावत सुटली आणि ओरडली, "बस!"

पिल्लं लगेच बसली. कान दातांत धरूनच बसली. दोन्ही कान फाटले.

वस्तीच्या कारभाऱ्याने सांगितलं, की रक्ताची चव लागलेली कुत्री कळपात नकोत. अमावास्येला कळप हलेल, तेव्हा त्यांना नदीपलीकडच्या रानात सोडून द्या. नवरा म्हणाला, हे सगळं तुझ्या लाडांमुळे. तिला ते खरंच वाटलं. डोळे पुसत ती पिल्लांच्या आईजवळ जाऊन बसली.

म्हातारी कुत्री म्हणाली, "बाई, माझी पोरं ऐकत नाहीत असं नाही. त्यांनी सकाळचं ऐकलं, एवढंच."

ती तशीच उठली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, तुम्ही ‘बस’ म्हणता तेव्हा त्यांनी काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? बसायचं."

"आणि मी म्हणते तेव्हा? तेव्हा थांबायचं."

नवरा म्हणाला, "हे तू मला कधी सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्या दिवसापासून ‘बस’ म्हणजे बसायचं आणि ‘सोड’ म्हणजे सोडायचं, दोघांच्याही तोंडी तेच. चुकीचा शब्द जो वापरेल त्याने स्वतः खाली बसायचं, असंही ठरलं. पहिले चार दिवस पिल्लांपेक्षा तीच जास्त वेळा बसली. पाचव्या दिवशी नवराही बसला, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

अमावास्येच्या सकाळी, तिने विनवल्यावर, कारभाऱ्याने पारख करायला पिल्लांपुढे लोकरीचा पुंजका टाकला. दोघांनी झडप घालून तो धरला. ती हळूच म्हणाली, "सोड." पिल्लांनी नवऱ्याकडे पाहिलं. तोही म्हणाला, "सोड."

पुंजका खाली पडला. कारभारी म्हणाला, यांनाही घ्या.

कळप निघाला, पुढे एक पिल्लू, मागे एक. फाटक्या कानांचं कोकरू मात्र जन्मभर त्यांच्यापासून चार हात लांबूनच चाललं.

म्हणून सांगते, शिकवणाऱ्यांनी आधी आपापसांत शब्द एक करावा. नाहीतर त्यांच्या चुकीची जखम तिसऱ्यालाच होते.