परतीचा शब्द

त्या राज्यात प्रत्येक वाटेला एकच दिशा होती. वाटेच्या तोंडाशी दगडी खांब, खांबावर बाण. बाण दाखवील तिकडेच चालायचं. वाटा मातीच्या रंगावरून ओळखल्या जात. चौकात बसलेल्या बगळ्याला रंग सांगितला की तो तेवढंच फाटक उघडी. त्याहून जास्त काही प्रवाशाने बोलायचं नसे.

खैरी नावाची गाढवीण दरबाराचं सरपण घेऊन डोंगरावरच्या वस्तीतून पांढऱ्या वाटेने खाली उतरली. ओझं उतरल्यावर तिने तीच पांढरी वाट मागितली. घरी अंगावर पिणारं शिंगरू होतं आणि तिची कास दुधाने तटतटली होती.

"पांढरी वाट इकडे येते, बाई. इकडून जात नाही," बगळा अदबीने म्हणाला. "तांबडीने जा. कुठली तरी वाट तुमच्या डोंगराला जात असेलच."

खैरी तांबडीने गेली. तांबडीच्या टोकाला पिवळी लागली, पिवळीला हिरवी फुटली, आणि हिरवीने तिला पुन्हा त्याच चौकात आणून सोडलं. मग तिने प्रत्येक फाट्यावर वेगळा रंग धरून पाहिला. चौक काही चुकेना. दूध वाटेवर गळत राहिलं, मग आटलं.

त्याच फेऱ्यात एक म्हातारा रेडा चालत होता. कुठे निघालास, असं तिने विचारलं.

"घरी," तो म्हणाला. "तरणा होतो तेव्हाच निघालोय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. खैरीला सगळ्यांत जास्त संताप त्याचाच आला.

एके दुपारी दरबारातल्या तरसाची गाडी आली. हुकूम सुटला, सर्वांनी माना खाली घालून डोळे मिटावेत. खैरीने डोळे मिटले, पण गाढवाचे कान काही मिटत नाहीत. तरस बगळ्याशी एकच शब्द कुजबुजला, आणि पांढऱ्या वाटेची खडी चाकांखाली वर वर वाजत गेली. तिने डोळे उघडले तेव्हा बाण चौकाकडेच रोखलेला होता.

खैरी फाटकाशी गेली आणि म्हणाली, "उलट."

बगळ्याची मान ताठ झाली. असा शब्दच नाही, असं तो आधी म्हणाला. नंतर म्हणाला की आहे, पण तो तुमच्या तोंडी शोभत नाही.

"वर माझं लेकरू उपाशी आहे. गाडी गेली त्याच वाटेने मी का नाही जायचं?"

"खांब दगडाचा आहे, बाई. बाण फिरवणं माझ्या हातात आहे का?"

खैरीने त्याच्याकडे पाठ केली. चौकातली जनावरं थबकली, रेडाही थांबला. सगळा राग मागच्या दोन पायांत गोळा करून तिने खांबावर लाथ झाडली. आपलेच खूर फुटणार, हे ती धरून चालली होती.

खांब करकरलासुद्धा नाही. तो अलगद फिरला, बाण डोंगराकडे वळला, आणि बुडाच्या लोखंडी खुंटीवरून ताज्या तेलाचा ओघळ तिच्या खुरांपाशी आला.