फाटकाबाहेरचा मिस्ड कॉल

ही गोष्ट अगदी खरी आहे, शप्पथ. मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे मी तेव्हा गावात नव्हतो, पण त्याने काय बिघडतं?

सरपंच धैर्यशीलराव अमेरिकेहून नवा फोन घेऊन आले आणि त्यांचा डोळा हौसाबाईच्या दुभत्या म्हशीवर गेला. बंगल्यात चारचौघांना बसवून त्यांनी फोनवर अमेरिकेतला मुलगा बोलताना दाखवला.

"हौसा, हा फोन घे आणि म्हैस दे. रोज शहरातल्या नातीचं तोंड बघ!"

सरपंचांना नाही कोण म्हणणार? पण हौसाबाईचं घर त्या म्हशीवर चालायचं. पदर सावरत ती म्हणाली, "घेते की, रावसाहेब. फकस्त माझं सिम घालून फाटकाबाहेरनं सुनेला एक मिस्ड कॉल द्या. वाजला की म्हैस आणून बांधते."

रावसाहेब फाटकाबाहेर आले. बंगल्याचं वायफाय मागे राहिलं आणि फोन मुका झाला. हात उंच करून पाहिला, कट्ट्यावरही चढले, पण पडद्यावर एकच ओळ: हे सिम चालणार नाही.

"फोन उत्तम आहे गं," ते घाम पुसत म्हणाले, "फक्त तिकडच्या कंपनीला बांधलेला आहे. बंगल्यात चालतो ना!"

"माझी म्हैस बी तशीच हाय, रावसाहेब. दूध भरपूर देती, पण माझ्याच गोठ्यात. दुसऱ्याच्या दारात कासेला हात लावू देत न्हाई. बांधू का आणून?"

सगळे पोट धरून हसले आणि रावसाहेब गप्प झाले.

यातलं रावसाहेब गप्प झाले, एवढं मात्र मी पदरचं घातलं. ते आजही त्या फोनवर बोलतच असतात, फाटकाच्या आत.