वारुळातली शिस्त

फार पूर्वी सापांची पोरंसुद्धा शाळेत जात. वारुळातल्या शाळेचे नागोबा गुरुजी पोरांच्या वळवळीने मेटाकुटीला आले होते. शेवटी त्यांनी छताला एक सरडा बसवला. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरत. "जो हलेल त्याचं नाव मला सांगायचं," असं बजावून गुरुजी स्वतः बाहेर ऊन खात बसले.

पहिल्या दिवशी सरड्याने चाळीसच्या चाळीस नावं सांगितली. मग कात टाकायचे दिवस आले आणि रोज एकच नाव येऊ लागलं, छोट्या दिवडीचं.

"बाकी वर्ग अगदी चित्रासारखा!" सरडा म्हणायचा. गुरुजींचा फणा अभिमानाने फुलायचा आणि दिवडीला तेवढा ओरडा बसायचा.

शनिवारी गुरुजी शाबासकी द्यायला वर्गात शिरले. रांगेने एकोणचाळीस काती बसल्या होत्या. आत कुणीच नव्हतं. तळ्याकडून बेडकांची बोंबाबोंब ऐकू येत होती.

"पण एकही हललेला नाही, गुरुजी," सरडा छातीठोकपणे म्हणाला.

गुरुजी दिवडीकडे वळले आणि गहिवरले. "बाळ, तू तेवढी गेली नाहीस!"

दिवड खालमानेने पुटपुटली, "माझी कात अजून सुटली नाही, गुरुजी. सोमवारपर्यंत नक्की सुटेल."